इन्फ्लुएन्झाची जागतिक टेहळणी आणि महासाथ-पूर्वसज्जता : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

जून १९१८ मध्ये मुंबई बंदराच्या परिसरात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण आढळू लागले आणि सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या, अधिक घातक लाटेत हा आजार रेल्वेमार्गांनी देशभर पसरला. मराठी मुलखात त्याला ‘मानमोडी’ असे नाव पडले. या साथीत भारतात किती माणसे दगावली याचे अंदाज सुमारे १.२ कोटीपासून १.८ कोटीपर्यंत आहेत. अंदाजांतील ही प्रचंड तफावतच त्या काळच्या आरोग्यनोंदींची अवस्था स्पष्ट करते. रोगाचे कारण तेव्हा ज्ञात नव्हते. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला तो १९३३ साली, लंडन येथे. त्यानंतरच्या काळात या विषाणूवर सतत नजर ठेवणारी एक जागतिक व्यवस्था उभी राहिली. आंतरराष्ट्रीय आरोग्यसहकार्याच्या इतिहासात ती सर्वांत जुन्या आणि चिवट व्यवस्थांपैकी एक मानली जाते.

या व्यवस्थेचे मूल्यमापन बहुधा तांत्रिक अंगाने केले जाते. प्रयोगशाळा किती, नमुने किती, विषाणू ओळखण्यास किती दिवस लागले, हे त्याचे निकष असतात. हे निकष आवश्यक आहेत, परंतु पुरेसे नाहीत. टेहळणी ही मुळात देवाणघेवाण आहे. कोणीतरी वाईट बातमी पुढे कळवितो आणि त्या बातमीचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी होतो. बातमी देणाऱ्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न या व्यवस्थेच्या रचनेत दीर्घकाळ दुय्यम राहिला. तिच्या आजवरच्या महत्त्वाच्या अपयशांचे मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी इंडोनेशिया, मेक्सिको, अमेरिका आणि महाराष्ट्रातील नवापूर येथील अनुभवांचा आधार घेतला आहे.

टेहळणी व्यवस्थेची रचना आणि तिचे श्रेय

जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली इन्फ्लुएन्झा टेहळणीचे जागतिक जाळे स्थापन केले. त्याच वर्षी पुण्यात रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होय आणि भारतातील राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्राचे कार्य तीच करते. आज शंभराहून अधिक देशांतील राष्ट्रीय केंद्रे रुग्णांच्या घशातील व नाकातील नमुने तपासतात आणि निवडक विषाणू अटलांटा, लंडन, मेलबर्न, टोकियो व बीजिंग येथील सहयोगी केंद्रांकडे पाठवितात. या सामग्रीच्या आधारे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीतील घटक ठरवितात.

या विषाणूचे बाह्य प्रथिन सतत बदलते आणि त्यामुळे लसही वारंवार बदलावी लागते. म्हणूनच हे जाळे अपरिहार्य ठरते. शीतयुद्धाच्या काळातही विषाणूंची देवाणघेवाण बऱ्याच प्रमाणात चालू राहिली, ही सामान्य गोष्ट नव्हे. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ या पक्ष्यांच्या विषाणूची १८ माणसांना बाधा झाली आणि त्यांपैकी ६ जण दगावले. तेथील प्रशासनाने शहरातील सर्व कोंबड्या अल्पावधीत नष्ट केल्या आणि तो उद्रेक तेथेच थांबला. वेळीच मिळालेली माहिती आणि तिच्यावर झालेली कृती यांचे हे उत्तम उदाहरण होय. तेव्हा या व्यवस्थेची चिकित्सा करताना तिची उपयुक्तता गृहीत धरावी लागते. तिचा लाभ कोणाकडे आणि कसा पोहोचतो, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

नजरेची दिशा : २००९ चा अनुभव

एच५एन१ विषाणू २००३ नंतर आशियात पुन्हा पसरू लागला. तेव्हा पूर्वसज्जतेच्या बहुतेक आराखड्यांनी पुढील महासाथ आग्नेय आशियातून, पक्ष्यांमार्फत येईल असे धरले होते. प्रत्यक्षात २००९ ची महासाथ मेक्सिकोत उद्भवली आणि तिचा विषाणू डुकरांमधून आलेला होता. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून या विषाणूचे पूर्वज मेक्सिकोच्या मध्य-पश्चिम भागातील वराहांमध्ये आढळले. त्या भागातील वराहांचे नियमित नमुने पूर्वी घेतले जात नव्हते, त्यामुळे विषाणूची ही वाटचाल नजरेआड राहिली. कोठे पाहायचे याचा निर्णय घेताना भीतीची दिशा आणि निधीची दिशा एकच असते, असा याचा अर्थ होतो. जेथे पाहिले जात नाही तेथे काही घडत नाही, असा समज त्यातून दृढ होत जातो.

मोजणीच्या बाबतीतही हेच दिसते. ऑगस्ट २०१० पर्यंत जगभरात प्रयोगशाळेने निश्चित केलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १८,५०० होती. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सांख्यिकीय अभ्यासाने पहिल्या वर्षातील मृत्यूंचा अंदाज सुमारे १,५१,७०० ते ५,७५,४०० इतका वर्तविला आणि त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मृत्यू आफ्रिका व आग्नेय आशियात झाले असावेत असे म्हटले. जेथे मृत्यू अधिक झाले असावेत तेथे तपासणी कमी होती, आणि जेथे तपासणी होती तेथील आकडे जगाचे आकडे म्हणून वापरले गेले. ही महासाथ सौम्य होती, हा पुढे रूढ झालेला निष्कर्ष या पार्श्वभूमीवर जपून स्वीकारावा लागतो.

इंडोनेशियाचा आक्षेप

या व्यवस्थेतील मूलभूत ताण सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो २००७ च्या सुरुवातीस. एच५एन१ची मानवी बाधा सर्वाधिक गंभीर स्वरूपात भोगणाऱ्या देशांत इंडोनेशिया होता. तेथे आजवर नोंदल्या गेलेल्या २०० बाधितांपैकी १६८ जण दगावले. त्या देशाने दिलेल्या विषाणूच्या आधारे ऑस्ट्रेलियातील एक कंपनी लस विकसित करीत असल्याचे उघड झाले. मात्र ती लस इंडोनेशियाला परवडणाऱ्या दरात किंवा पुरेशा प्रमाणात मिळेल, याची कोणतीही हमी नव्हती. तत्कालीन आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने पाठविणे थांबविले. जैवविविधता करारानुसार देशाला आपल्या जैविक संपत्तीवर असलेला अधिकार विषाणूंनाही लागू होतो, अशी भूमिका त्यांच्या शासनाने घेतली.

या निर्णयावर कठोर टीका झाली. रोगजंतूंवर मालकी सांगणे म्हणजे साऱ्या जगाला वेठीस धरणे होय, असे अनेक तज्ज्ञांचे मत पडले. ही टीका निराधार नाही. विषाणू सीमा जाणत नाही आणि नमुने अडविल्याने इंडोनेशियातील नागरिकांचा धोकाही वाढतच होता. विषाणूंचा उपयोग जैविक अस्त्रांसाठी होईल, अशा सुपारी यांच्या आरोपांना पुराव्याचा आधार नव्हता आणि त्यामुळे त्यांच्या मूळ मुद्द्याची हानीच झाली. तथापि हे सर्व मान्य करूनही तो मुद्दा उरतोच. विषाणूचे ज्ञान ही साऱ्या मानवजातीची ठेव आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या ज्ञानातून तयार झालेली लसही तशीच ठेव मानली पाहिजे. पहिल्या टप्प्यावर सार्वजनिक असलेली वस्तू शेवटच्या टप्प्यावर खासगी होत असेल, तर देणाऱ्याकडून निरपेक्ष औदार्याची अपेक्षा करणे न्याय्य ठरत नाही.

चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ‘महासाथ इन्फ्लुएन्झा पूर्वसज्जता चौकट’ संमत केली. विषाणूंची देवाणघेवाण आणि लाभांची वाटणी यांना तिने प्रथमच समान दर्जा दिला. जाळ्याचा उपयोग करणाऱ्या उत्पादकांनी त्याच्या वार्षिक खर्चाच्या निम्म्याइतके योगदान द्यावे असे ठरले. लसउत्पादकांपुढे दायित्वाचे अनेक पर्याय ठेवण्यात आले. महासाथीच्या वेळी उत्पादनाचा किमान १० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला विनामूल्य देणे किंवा तितकाच हिस्सा परवडणाऱ्या दरात राखून ठेवणे, हे त्यांतील प्रमुख होत. हे इंडोनेशियाच्या आक्षेपाचे फलित आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. विनंतीने जे साध्य झाले नव्हते ते नकाराने साध्य झाले.

या चौकटीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. महासाथीची क्षमता असलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूंपुरतीच ती मर्यादित आहे; हंगामी विषाणू तिच्या बाहेर आहेत. ती प्रामुख्याने जैविक सामग्रीचा विचार करते, तर विज्ञान त्यापुढे गेले आहे. मार्च २०१३ च्या अखेरीस चीनने एच७एन९ विषाणूचे जनुकीय क्रम जाहीर केले. विषाणूचा प्रत्यक्ष नमुना हाती येण्यापूर्वीच, केवळ त्या क्रमांवरून, लशीचे बीज तयार करण्याचे काम अन्यत्र सुरू झाले. नमुन्याची कुपी हलविण्याची गरजच उरली नाही, तर कुपीवर आधारलेले करारही दुबळे होतात. शिवाय २००९ नंतर इन्फ्लुएन्झाची महासाथ आलेली नसल्याने या चौकटीतील आश्वासनांची खरी कसोटी अद्याप लागलेली नाही.

लस कोणाच्या हाती

आश्वासने का अपुरी पडतात, हे समजण्यासाठी २००९ च्या लशीचा हिशेब उपयुक्त ठरतो. श्रीमंत देशांनी उत्पादकांशी आगाऊ करार करून ठेवले होते. त्यामुळे महासाथ जाहीर होताच उत्पादनक्षमतेचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने देणगीरूपाने मिळविलेल्या लशींपैकी सुमारे ७ कोटी ८० लाख मात्रा ७७ देशांना देण्यात आल्या. परंतु त्यांपैकी बहुतांश २०१० मध्ये, म्हणजे अनेक ठिकाणी लाट ओसरल्यावर पोहोचल्या.

भारताचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. देशातील पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबाद येथे निश्चित झाला आणि पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला. ज्या शहरात देशातील अग्रगण्य विषाणू संस्था आहे आणि जगातील सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एक आहे, त्याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयांपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. देशात तयार झालेल्या लशी बाजारात आल्या त्या जून-जुलै २०१० मध्ये, आणि ऑगस्टमध्ये महासाथ संपल्याचे जाहीर झाले. उत्पादनक्षमता जवळ असणे ही जमेची बाजू होतीच. परंतु लस वेळेवर येण्यासाठी लागणारी आगाऊ मागणी, नियामक तयारी आणि वितरणाची योजना यांचा अभाव होता. २०१५ मध्ये हाच विषाणू देशात पुन्हा बळावला आणि त्या वर्षी ४२ हजारांहून अधिक रुग्ण व सुमारे २,९९० मृत्यू नोंदले गेले. तेव्हा लस उपलब्ध होती, पण सामान्य नागरिकांपर्यंत ती नेणारा सार्वजनिक कार्यक्रम नव्हता.

नवापूर : साखळीचे पहिले टोक

आंतरराष्ट्रीय पातळीवर राष्ट्र आणि संघटना यांच्यात जो ताण दिसतो, तोच गावपातळीवर पोल्ट्रीधारक आणि शासन यांच्यात दिसतो. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तेथील कोंबड्यांची मरतूक त्याआधीच सुरू झाली होती आणि ती प्रथम राणीखेत रोगाची मानली गेली. ग्रामीण भागात या रोगालाही मानमोडीच म्हणतात. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेल्यावर एच५एन१चे निदान झाले. बाधित क्षेत्राभोवतीच्या परिघातील कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. माणसांचे नमुने पुण्यात तपासले गेले. त्यांत बाधा आढळली नाही. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने ही मोहीम यशस्वी ठरली.

मात्र माहिती देणाऱ्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा होता. केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा भार उचलून दिलेली नुकसानभरपाई मारलेल्या पक्ष्यांसाठी असते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी ती नसते. तत्त्वतः या नियमामुळे लवकर कळविणाऱ्याचा फायदा होतो. व्यवहारात निदानास जितके दिवस लागतात तितका तोटा कळविणाऱ्याच्या माथी येतो. भरपाई पक्ष्यांच्या मालकास मिळते, बंद पडलेल्या शेडवरील मजुरास नाही. परिघाबाहेरच्या ज्या व्यावसायिकाच्या कोंबड्या निरोगी आहेत, त्याचे दर कोसळतात आणि त्याची दखल कोणतीही योजना घेत नाही. अशा स्थितीत मरतुकीची बातमी दाबून उरलेले पक्षी विकून टाकण्याचा मोह अस्वाभाविक नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच तालुक्यावर तीच वेळ आली. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत एका मुलाचा मृत्यू झाला आणि भारतातील एच५एन१ची पहिली मानवी बाधा नोंदली गेली.

बातमीची शिक्षा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या गेल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपविले. त्या दडपशाहीची परिणती रँडच्या वधात झाली. त्याच वर्षी संमत झालेला साथरोग प्रतिबंधक कायदा ११२ वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, पुण्यातच स्वाइन फ्लूसाठी वापरला गेला. दोन्ही प्रसंगांची तुलना अर्थातच करता येणार नाही. २००९ मध्ये हेतू तपासणी केंद्रे उघडण्याचा होता आणि अंमलबजावणी लोकनियुक्त शासनाची होती. तरीही शासनाच्या अधिकारांची सविस्तर नोंद करणारा तो कायदा नागरिकाच्या हक्कांविषयी जवळजवळ मौन बाळगतो, हे विसरता येत नाही. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरताच अनेक देशांनी भारताची विमानसेवा व व्यापार रोखला. ती शिक्षा राष्ट्राच्या पातळीवरची होती.

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असे मानणेही चूक ठरेल. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना एच५एन१ची बाधा झाल्याचे निश्चित झाले. कोंबड्या नष्ट कराव्या लागल्यास भरपाई देण्याची पद्धत तेथे जुनी होती. परंतु दुधाच्या नुकसानीसाठी प्रारंभी तशी तरतूद नव्हती. अनेक गोठेमालकांनी तपासणीस उत्सुकता दाखविली नाही. गोठ्यांवरील कामगारांत स्थलांतरितांचे प्रमाण मोठे असल्याने तेही पुढे येण्यास कचरले. जगातील सर्वांत सुसज्ज प्रयोगशाळा असलेल्या देशातही पहिला नमुना गोठ्यावरच्या माणसाच्या संमतीनेच मिळतो, हे त्यातून दिसून आले.

सज्जतेचे मोजमाप

ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकाने १९५ देशांत अमेरिकेला पहिला व ब्रिटनला दुसरा क्रमांक दिला होता. काही महिन्यांतच आलेल्या कोविडच्या महासाथीत याच दोन देशांना जबर मनुष्यहानी सोसावी लागली. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या १७७ देशांच्या अभ्यासात अशा निर्देशांकांचा संसर्गाच्या प्रमाणाशी ठळक संबंध आढळला नाही. शासनावरील आणि परस्परांवरील विश्वासाचा मात्र आढळला. कोविड हा इन्फ्लुएन्झा नव्हे आणि एका अभ्यासावरून अंतिम निष्कर्ष काढणे इष्टही नाही. तथापि उपकरणे व आराखडे मोजणारी पट्टी काहीतरी महत्त्वाचे मोजत नव्हती, इतके निश्चितपणे म्हणता येते. विश्वास ही भावनिक बाब समजून तो पूर्वसज्जतेच्या आराखड्याबाहेर ठेवला जातो. वस्तुतः पूर्वी पाळलेल्या आश्वासनांचा तो साठा असतो आणि औषधांच्या साठ्याप्रमाणेच तोही आगाऊ करावा लागतो.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार संमत केला. त्यात सहभागी उत्पादकांकडून महासाथीच्या काळातील उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध व्हावा, आणि त्यांतील किमान १० टक्के विनामूल्य असावा, असे उद्दिष्ट आहे. परंतु नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचा नेमका तपशील वेगळ्या परिशिष्टावर, म्हणजे पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आला. २००७ मध्ये जो प्रश्न उभा राहिला तोच २०२५ मध्ये सर्वांत शेवटी आणि सर्वांत कठीण ठरावा, हे लक्षणीय आहे. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. अटलांटा येथील केंद्र या जाळ्याचा दीर्घकाळ आधारस्तंभ राहिले असल्याने या निर्णयाची झळ दूरवर पोहोचणारी आहे. देणाऱ्याने पाठ फिरविली की जाळे विरते. २००७ मध्ये तो देणारा इंडोनेशिया होता आणि २०२५ मध्ये अमेरिका. दोघांची कारणे भिन्न आहेत, परंतु व्यवस्थेचा पाया परस्परलाभाच्या विश्वासावर आहे हे दोन्ही प्रसंगांतून सारखेच सिद्ध होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, टेहळणी आणि लाभवाटणी या दोन स्वतंत्र योजना नाहीत. दुसरी दुबळी असेल तर पहिलीही कालांतराने आंधळी होते. दुसरा असा की, लाभवाटणीची आश्वासने साथ आल्यावर द्यावयाची नसून आधीच करारबद्ध करावी लागतात. २००९ मध्ये ज्यांनी आगाऊ करार केले त्यांनाच लस वेळेवर मिळाली. तिसरा निष्कर्ष भारतीय धोरणकर्त्यांसाठी अधिक निकटचा आहे. जो न्याय भारत आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर विकसनशील देशांसाठी मागतो, तोच न्याय त्याने नवापूरच्या पोल्ट्रीधारकास आणि त्याच्या शेडवरील मजुरास दिला पाहिजे. निदानाचा कालावधी कमी करणे, कळविल्याच्या दिवसापासून भरपाई मोजणे, मजुरांच्या बुडालेल्या रोजीची तरतूद करणे आणि तपासणीचा निष्कर्ष नमुना देणाऱ्यास विनाविलंब कळविणे, या उपाययोजना खर्चिक प्रयोगशाळांच्या तुलनेत स्वस्त आहेत. पुढील महासाथीची पहिली खूण कदाचित एखाद्या शेडमध्ये सकाळी मरून पडलेल्या चार कोंबड्यांच्या रूपाने येईल. ती पाहणाऱ्या माणसाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणे परवडले, तरच पुढची सर्व यंत्रणा कामास येईल.